कारांगाची रात्र वगळू नका

किलिमांजारोला मराठी गट घेऊन जाणाऱ्या सर्व ट्रेक-आयोजकांना,



पत्राचं कारण आधी सांगते. मचामे मार्गाचा जो सहा दिवसांचा कार्यक्रम तुमच्यापैकी काही जण विकतात, त्यात कारांगा कॅम्पवरचा मुक्काम नसतो. तो घ्यावा, ही माझी मागणी आहे. एका मुक्कामासाठी जाहीर पत्र लिहायची काय गरज, असं कुणालाही वाटेल. पण मी डॉक्टर आहे, किलिमांजारोवर स्वतः जाऊन आले आहे, आणि तुमच्याबरोबर जाणाऱ्या अनेकांच्या फिटनेसच्या फॉर्मवर माझी सही असते. अलीकडे ती सही करताना हात अडखळतो, म्हणून लिहिते आहे.

आधी तुमचे आभार मानते, आणि ते तोंडदेखले नाहीत. रविवार सह्याद्रीत घालवणाऱ्या माणसाला आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर आपल्याही आवाक्यातला आहे, हे तुम्ही पटवून दिलंत. तिथे दोर लागत नाही, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही, चालता आलं पाहिजे. आणि काय चालणं आहे ते! पहिल्या दिवशी फांद्याफांद्यांवरून शेवाळ लोंबणारं ओलंचिंब जंगल, दुसऱ्या दिवशी खुजी होत जाणारी झाडं, मग शिराचं उघडं पठार. बरांकोच्या दरीत उतरताना तर मी चालणंच विसरले. तिथे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची सेनेसिओ नावाची झाडं उभी असतात. त्यांची वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडाभोवती थरावर थर साचत राहतात आणि रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत खोडाला तीच ऊब देतात. वर डोंगराच्या मुख्य शिखराच्या, किबोच्या, माथ्यावरचं बर्फ मात्र झपाट्यानं संपत चाललं आहे. १९१२ साली होतं त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त आज नाही. आपल्या लोकांनी हे सगळं डोळ्यांनी बघावं असं मलाही वाटतं. लोक जावेत, धडधाकट परत यावेत आणि त्यांचं ओझं वाहणाराही धडधाकट घरी जावा, यासाठीच हा पत्रप्रपंच.

तुमच्या पत्रकात ५,८९५ मीटर हा आकडा ठळक असतो. तो आपल्या अंगवळणी पडलेल्या उंचीशी ताडून पाहा. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. किलिमांजारोच्या मरांगू मार्गाचं प्रवेशद्वारच १,८७९ मीटरवर आहे. म्हणजे आपला सगळा महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही वर तिथली चढाई सुरू होते. सिंहगडाच्या पायऱ्या रोज चढून पाय तयार होतात, दम वाढतो, आणि ती मेहनत वाया जात नाही. पण विरळ हवेची सवय सिंहगडावर लागत नाही. विरळ हवेत राहूनच ती लागते, आणि तिला दिवस लागतात.

हे माझ्या क्षेत्रातलं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. उंचीवर गेल्यावर रक्त वाढतं आणि त्यामुळे माणूस सावरतो, असं पुष्कळांना वाटतं. रक्तातल्या लाल पेशी वाढायला आठवडे लागतात, तुमचा ट्रेक तोवर संपलेला असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत काम करतात ती फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. हवेत प्राणवायू कमी पडतो तसा श्वास वाढतो. श्वास वाढल्यानं रक्तातला आम्लाचा तोल बिघडतो आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकून तो तोल सावरला की लगाम सुटतो. हे व्हायला दोन ते चार दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी याच कामाला हातभार लावते, पण दिवसांची जागा ती घेत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊही नये. म्हणूनच पर्वतीय वैद्यकाचा साधा दंडक आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं.

आता तुमचा सहा दिवसांचा कार्यक्रम घ्या. पहिली रात्र मचामे कॅम्प, तीन हजारांच्या आसपास. दुसरी शिरा, ३,८०० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरला जाऊन खाली बरांकोला मुक्काम, साधारण ३,९५० मीटर. शिराची उडी दंडकापेक्षा मोठी असली, तरी इथवर निभावतं. उंच चढून खाली झोपायचं हा शहाणपणाचा आराखडा आहे. घोळ होतो तो चौथ्या दिवशी. सकाळी बरांकोची भिंत, जिथे हात टेकत चढावं लागतं आणि पुढच्यांची रांग हलेपर्यंत थांबावं लागतं. मग कारांगाच्या दरीत उतरून पुन्हा वर. सात दिवसांच्या कार्यक्रमात माणसं इथेच, सुमारे चार हजार मीटरवर, दुपारचं जेवतात आणि दिवस संपतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास ४,६७० मीटरवरच्या बराफू कॅम्पला पोहोचतात आणि दुपारभर पडून राहतात. सहा दिवसांच्या कार्यक्रमात मात्र कारांगाला जेवण उरकून तसंच पुढे निघायचं. बराफू येईतो दिवस मावळतीला. घाईघाईनं सूप आणि भात, तासा-दोन तासांची डुलकी, आणि रात्री अकराला तंबूवर थाप. तिथून रात्रभरात बाराशे मीटर चढायचे, शिखर गाठायचं आणि त्याच दिवशी खाली मवेका कॅम्पपर्यंत उतरायचं.

कारांगाला थांबलं तरी पुढची सहाशे-सातशे मीटरची उडी राहतेच, हे मला कबूल आहे. कारांगाची उंची बरांकोपेक्षा फारशी वेगळीही नाही. पण चार हजारांच्या पट्ट्यात शरीराला आणखी एक अख्खी रात्र मिळते, वर सांगितलेलं मूत्रपिंडांचं काम पुरं व्हायला वेळ मिळतो आणि शिखराच्या रात्री माणूस थकलेला नसतो. थकलेल्या माणसाला उंचीची लक्षणं ओळखता येत नाहीत. तो सगळं थकव्याच्या खात्यावर टाकतो.

पाच दिवसांचा मरांगू तर विकूच नका. मंदारा २,७२०, होरोम्बो ३,७२०, किबो हट ४,७२०, आणि त्याच रात्री शिखर. रोज बरोबर हजार मीटर, म्हणजे दंडकाच्या दुप्पट. पक्क्या झोपड्या, पलंग, गाद्या आहेत म्हणून तो मार्ग सोपा सांगितला जातो. गादीनं झोप चांगली लागते, उंचीमुळे येणारी मेंदूची सूज थांबत नाही. मरांगूनं न्यायचंच असेल तर होरोम्बोला दोन रात्री ठेवा.

बराफूला मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. दुसऱ्या एका गटातले चाळिशीचे गृहस्थ संध्याकाळी मेस टेंटच्या दोरीला अडखळले. मराठी बोलणं ऐकून मी जवळ गेले. ‘काही नाही हो, डोकं जरा जड आहे,’ म्हणाले. खिशात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी अर्धी संपलेली. दोन दिवस ते त्या कुणाला न सांगता घेत होते. मी त्यांना एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला ते डावीकडे कलले, सावरले, पुन्हा कलले. ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते आणि त्यावर एकच खात्रीचा इलाज आहे: खाली उतरणं, ताबडतोब. त्यांच्या टांझानियन गाईडनंही तेच सांगितलं. गटाचा मराठी लीडर मात्र म्हणत होता, ‘थोडा वेळ बघू, सकाळी झेंडा आहे.’ बराच वेळ वाद झाला. अखेर गाईड ऐकेना, दोन पोर्टर बरोबर घेऊन तो अंधारात त्यांना खाली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मवेकाला ते मला बसून चहा पिताना भेटले. डोकेदुखी थांबली होती, बोलताना डोळ्यांत पाणी होतं.

झेंड्याबद्दल मला तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट, दोन्ही तारखा कोरड्या हंगामात येतात, म्हणून त्यांना गट काढणं सोयीचं आहे. शिखरावर तिरंगा पाहून माझाही ऊर भरून आला. शिवरायांच्या नावाचा जयघोष तिथे घुमला तेव्हा शेजारचे परदेशी लोक कौतुकानं पाहत होते. पण तारीख ठरली की डोंगर आपल्या कलानं चालत नाही, आपणच डोंगराच्या कलाविरुद्ध चालू लागतो. गटाचा फोटो अपुरा राहू नये म्हणून माणसं डोकेदुखी लपवतात. निरोप-समारंभ झालेला असतो, गल्लीत फलक लागलेले असतात, शाळेनं झेंडा हाती सोपवलेला असतो. एवढ्या लोकांचं ओझं डोक्यावर घेऊन निघालेला माणूस ‘मला उलटी होते आहे’ असं कसा सांगणार? हे ओझं उतरवणं तुमच्याच हातात आहे. १४ तारखेला पोहोचलो तरी चालेल, बरांकोवरूनच झेंडा फडकवला तरी तो तिरंगाच, हे निघण्याआधीच्या बैठकीत, घरच्यांच्या देखत सांगा.

आता पैशांचं बोलू, कारण तुमची अडचण तिथे आहे, हे मला माहीत आहे. लोक फोनवर पहिला प्रश्न किमतीचा विचारतात आणि दुसरा रजेचा. उद्यानाचं शुल्क गेली काही वर्षं परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला ७० डॉलर, कॅम्पिंगचे रात्रीला ५० डॉलर आणि सुटकेच्या सेवेचे एकदाच २० डॉलर असं आहे, वर १८ टक्के कर. सात दिवस, सहा रात्रींचे साडेनऊशे डॉलरच्या आसपास होतात. यात घासाघीस होत नाही. कुणीही, कितीही मोठा गट आणला तरी हे भरावेच लागतात. मग एखाद्याची किंमत दुसऱ्यापेक्षा बरीच कमी कशी होते? दोनच जागा उरतात. एक तर दिवस कापायचा, नाही तर माणसांची मजुरी, जेवण आणि तंबू. दिवस कापला की तुमच्या गिऱ्हाइकाच्या मेंदूवर ताण येतो. मजुरी कापली की पोर्टरच्या पोटावर. कारांगाची रात्र वगळली की दोन्ही एकदम होतं.

ते कसं, ते बघा. एका पाहुण्यामागे साधारण तीन-चार पोर्टर असतात. तंबू, गॅस, टेबलं, खुर्च्या, भाजीपाला, तुमच्या चिवड्या-लाडवांचे डबे, सगळं त्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर. मचामेच्या प्रवेशद्वारापाशी काट्यावर एकेक ओझं टांगून तोललं जातं, वीस किलोची मर्यादा आहे. सकाळी आपण निघाल्यावर ते तंबू आवरतात, आपल्याला मागे टाकून पुढे जातात आणि आपण पोहोचायच्या आत तंबू उभे करून ठेवतात. माझी बॅग वाहणारा मुलगा विशीतला असेल. बरांकोच्या भिंतीवर तो माझ्या शेजारून वर गेला, डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेली माझी बॅग, एक हात तिच्यावर आणि दुसरा खडकावर. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता, निळ्या नायलॉनच्या दोरीनं तो चवड्यापाशी आवळून बांधलेला. दोरी खडकावर घासून घासून पिंजली होती. कॅम्पवर मी गाईडच्या मदतीनं त्याला मजुरी विचारली. टिप किती मिळेल याचा अंदाज त्याला होता. मजुरी किती आणि कधी, हे त्याला सांगता येईना.

बराफूला पाणी नाही. तिथे लागणारा प्रत्येक थेंब पोर्टर कारांगाच्या ओढ्यावरून वर नेतात. सहा दिवसांच्या कार्यक्रमात त्या मुलाला एकाच दिवसात भिंत चढून, दरी ओलांडून, पाणी भरून बराफू गाठायचं असतं, तेही पाहुण्यांच्या आधी. कारांगाला मुक्काम असला की तोच रस्ता दोन दिवसांत विभागतो आणि त्याला एका दिवसाची मजुरी जास्त मिळते. किमान मजुरी म्हणून तिथे दिवसाला २०,००० शिलिंगचा आकडा बोलला जातो, म्हणजे आठ डॉलरच्या आसपास. तेवढीही प्रत्येकाच्या हातात पडते असं नाही. जेवण कित्येकदा दिवसातून एकदाच. झोपायला आपलाच मेस टेंट, तोही आपण पत्ते खेळून उठल्यावर.

मोशी गावात किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था २००३ पासून यासाठी काम करते. पोर्टरांना गरम कपडे आणि बूट विनाशुल्क वापरायला देते, कोणत्या कंपन्या मजुरी, जेवण, तंबू नीट देतात ते तपासून त्यांची नावं जाहीर करते. तुमची टांझानियातली भागीदार कंपनी त्या यादीत आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. नसेल तर तिला कारण विचारा. आणि तिचं नाव तुमच्या पत्रकावर छापा. आज पत्रकावर तुमचं बोधचिन्ह असतं, लीडरचा फोटो असतो, आपला माणूस प्रत्यक्षात कुणाच्या हवाली होणार आहे ते नसतं. सात दिवस ज्यांच्या भरवशावर काढायचे त्यांचं नाव लोकांना पैसे भरण्याआधी कळायला हवं. टिपचंही तसंच. पाकीट एकट्या मुख्य गाईडच्या हातात ठेवून गाडीत बसू नका. कुणाला किती, ते शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा आणि ज्याचं त्याच्या हातात द्या.

या डोंगराचा इतिहास आठवला तरी पुरे. हान्स मायर हा जर्मन गिर्यारोहक १८८७ साली शिखर न गाठता परतला होता. १८८९ मध्ये लुडविग पुर्टशेलरबरोबर तो पुन्हा आला, तेव्हा त्यानं वर मुक्काम टाकले आणि खालून, मरांगूहून, ठरावीक दिवसांनी माणसं ताजं अन्न वर आणत राहतील अशी व्यवस्था केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघं विवराच्या कड्यापर्यंत पोहोचले, खरं शिखर अजून पुढे आहे हे कळलं, अंगात ताकद नव्हती म्हणून परत फिरले, विश्रांती घेतली आणि ६ ऑक्टोबरला शिखरावर गेले. वर थांबता आलं म्हणून ते पोहोचले, आणि थांबता आलं ते अन्न वाहणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्याबरोबर वाटाड्या म्हणून मरांगूचा चागा जमातीचा तरुण योहानी किन्याला लाउवो होता, असं सांगितलं जातं. मरांगूच्या प्रवेशद्वारापाशी आज त्याचं स्मारक आहे. ओझी वाहणाऱ्या बाकीच्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

एका जादा दिवसाचा हिशेब मी करून पाहिला. शुल्क आणि करापोटी १४२ डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, वर मजुरी आणि जेवण. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, जॅकेटं धरून एवढा खर्च करणाऱ्या माणसाला हे नीट समजावून सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही. दवाखान्यात मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी कुणी नाही म्हटलेलं नाही. ‘आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं,’ असं मात्र बहुतेकांनी म्हटलं. रजा मिळत नसेल त्याला पुढच्या वर्षी या म्हणायचं धाडस तुम्ही दाखवायला हवं. आणि ‘शंभर टक्के यश’ हे शब्द पत्रकातून काढा. परत फिरायचा निर्णय टांझानियन गाईडचा राहील आणि आपला लीडर त्यात पडणार नाही, हे त्या जागी छापा. त्या डोंगरावर गाईडशिवाय चढायला परवानगीच नाही. मग त्याचा शब्द शेवटच्या रात्रीच का मोडायचा?

माझ्या बाजूनं मी एवढं ठरवलं आहे. यापुढे तुमचा फॉर्म घेऊन कुणी आलं की रक्तदाब आणि ईसीजीच्या आधी कार्यक्रमपत्रिका मागेन. पाच दिवसांचा मरांगू असेल तर सही करणार नाही. सहा दिवसांचा मचामे असेल तर फॉर्मवर मुक्कामांच्या उंच्या लिहून, कारांगाला थांबण्याचा सल्ला दिला आहे अशी नोंद करून सही करेन, आणि त्याची प्रत तुमच्याकडे पाठवेन. इतर डॉक्टर मित्रांनाही मी हेच सुचवलं आहे, काहींनी होकार दिला आहे. तुमची पुढच्या हंगामाची पत्रकं अजून छापून झाली नसतील. बदल केलात तर मला जरूर कळवा, माझ्याकडे येणाऱ्यांना मी तुमचं नाव आपणहून सांगेन.

आपली,
तुमच्या फॉर्मवर सही करणारी एक डॉक्टर